शाळा-महाविद्यालयांत शाश्वत उपभोग: सुरुवात खरेदीच्या वहीपासून

शिक्षणसंस्थेत पर्यावरणाचं काम म्हटलं की बहुतेक ठिकाणी भिंतीवर पोस्टर लागतं, निबंध स्पर्धा होते आणि दोन रंगांचे कचऱ्याचे डबे येतात. यात वाईट काहीच नाही. पण वर्षभरानंतर कागदाची किती रिमं आली, विजेचं बिल किती आलं, खानावळीत किती अन्न उरलं हे पाहिलं, तर फारसा फरक सापडत नाही. संस्थेत काय आणि किती वापरलं जाणार, हे मुख्यतः मागणीपत्रावर, निविदेच्या अटींत, वेळापत्रकात आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ठरतं. विद्यार्थ्यासमोर वस्तू येते तोवर बरेचसे निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून उपदेशाआधी व्यवस्था बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

शाश्वत उपभोग म्हणजे गरजा मारून जगणं नव्हे. गरज भागावी, पण ती भागवताना वस्तू तयार होण्यापासून टाकून देईपर्यंत लागणारं पाणी, ऊर्जा आणि कच्चा माल कमीत कमी असावा, आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये. १९९४ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लो इथे या विषयावर झालेल्या परिसंवादातल्या व्याख्येचा गाभा हाच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी बारावं उद्दिष्ट याच विषयाला वाहिलेलं आहे. २०३० पर्यंत विक्रेते आणि ग्राहक यांच्या पातळीवरची दरडोई अन्ननासाडी निम्म्यावर आणणं, सार्वजनिक खरेदी शाश्वत करणं आणि लोकांपर्यंत याची माहिती व जाणीव पोचवणं, ही त्यातली तीन लक्ष्यं शिक्षणसंस्थेला थेट लागू पडतात.

पायरी १: योग्य माणसं एका टेबलाभोवती आणा

पर्यावरण समितीत सहसा उत्साही शिक्षक आणि हुशार विद्यार्थी असतात. तेवढ्याने भागत नाही. भांडार सांभाळणारी व्यक्ती, लेखापाल, खानावळ चालवणारे, वीज-पाण्याची देखभाल करणारे आणि सफाई कर्मचारी समितीत हवेतच. कुठल्या वर्गात दिवे रात्रभर चालू राहतात, कोणत्या दिवशी ताटात सर्वाधिक अन्न उरतं, कपाटात न वापरलेल्या वस्तूंचे खोके कुठे पडून आहेत, हे त्यांना अहवाल न वाचताही माहीत असतं. त्यांची बैठक त्यांच्या कामाच्या वेळेतच ठेवा. वेळ संपल्यावर थांबायला सांगितलं, तर ती त्यांच्यावर लादलेली जास्तीची मेहनत ठरते.

मुख्याध्यापक, प्राचार्य किंवा कुलसचिव यांच्यापैकी सही करू शकणारं कोणीतरी समितीत असावं. नाहीतर प्रत्येक निर्णय 'वर पाठवला आहे' इथेच अडकतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'इको-स्कूल्स' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या सात पायऱ्यांतही पहिली पायरी समितीचीच आहे आणि तिथे विद्यार्थ्यांनी पुढाकार घेणं अपेक्षित असतं. विद्यार्थ्यांना फक्त फलक धरायला बोलावू नका. मोजणी, मांडणी आणि प्रशासनासमोरचं सादरीकरण त्यांनाच करू द्या.

पायरी २: आधी मोजा

या पायरीवर घाई करू नका. मोजणी नीट झाली की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

भांडारापासून सुरुवात करा. मागच्या दोन वर्षांची खरेदीची नोंद काढा आणि कागद, लेखनसामग्री, शाईची काडतुसं, एकदा वापरून फेकायची भांडी, पाण्याच्या बाटल्या, संगणक, फर्निचर आणि कार्यक्रमांचं साहित्य अशी वर्गवारी करा. कागदाचा हिशोब सोपा असतो. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) ए-४ कागदाचं वजन साधारण ५ ग्रॅम भरतं, म्हणजे ५०० कागदांचं रिम अडीच किलोचं. वर्षाला ४०० रिमं लागत असतील, तर संस्थेत एक टन कागद आला. हा आकडा 'कागद वाचवा' या पाटीपेक्षा जास्त बोलतो.

खानावळीत किंवा उपाहारगृहात एक पूर्ण आठवडा वजन करा. एकच दिवस मोजून चालत नाही, कारण रोजचे पदार्थ आणि उपस्थिती बदलत असते. तीन बादल्या ठेवा: स्वयंपाक करताना निघालेलं, वाढण्याच्या भांड्यांत उरलेलं आणि ताटात टाकलेलं. रिकाम्या बादलीचं वजन तिच्यावरच लिहून ठेवा म्हणजे ते वजा करायचं राहत नाही. रोज जेवणाऱ्यांची संख्याही नोंदवा. समजा, ४०० जण जेवले आणि ताटातलं ३६ किलो अन्न टाकलं गेलं, तर ते माणशी ९० ग्रॅम होतं. वर्षात असे २०० दिवस धरले तर ७.२ टन.

तीन बादल्या वेगळ्या ठेवण्याचं कारण म्हणजे प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. पहिली भरत असेल तर प्रश्न साठवणीचा आणि चिरण्याच्या पद्धतीचा आहे. दुसरी भरत असेल तर अंदाज चुकतोय, म्हणजे आदल्या दिवशी जेवणाऱ्यांची संख्या कळवण्याची सोय हवी. ताटातलं अन्न जास्त असेल तर वाढपाचं प्रमाण, पदार्थाची चव आणि जेवायला मिळणारा वेळ तपासा. घाईत जेवणारी मुलं अन्न टाकतात. त्यांना अन्नाची किंमत शिकवण्याआधी सुट्टी दहा मिनिटांनी वाढवून पाहा.

अन्नाकडे एवढं लक्ष का द्यायचं? संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के. त्यात खानावळी, उपाहारगृहं यांसारख्या अन्नसेवांचा वाटा २८ टक्के होता. संस्थेची खानावळ याच गटात येते, आणि इथे बदलाचा निर्णय एका बैठकीत घेता येतो.

विजेसाठी संध्याकाळी इमारत बंद होताना आणि सकाळी उघडण्याआधी मीटरचं वाचन घ्या. संध्याकाळी सात ते सकाळी सात या बारा तासांत ६० युनिट जळली, तर रिकाम्या इमारतीत सतत ५ किलोवॉटचा भार चालू होता असा अर्थ होतो. मग शोध सुरू करा: प्रयोगशाळेतले सुरू राहिलेले संगणक, पाणी थंड करणारी यंत्रं, स्वच्छतागृहातले दिवे, कोणीच वापरत नसलेला सर्व्हर. सुट्टीच्या दिवशीचं वाचनही घ्या, ते बऱ्याचदा धक्का देतं.

पाण्याची गळती मुलांना दाखवायला फार सोपी आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि वीस मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नका. शौचालयाच्या भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर आतली झडप गळते आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर मापाचं भांडं ठेवा आणि जमलेलं पाणी २४ ने गुणा. तो आकडा त्याच नळाजवळ कागदावर लिहून चिकटवा. दुरुस्तीची तक्रार लवकर निकालात निघते.

पायरी ३: दोनच गोष्टी निवडा

मोजणी झाल्यावर सगळंच करायचा मोह होतो. पहिल्या वर्षी एक मोठी आणि एक लवकर दिसणारी, अशा दोनच गोष्टी हाती घ्या. खानावळीतली नासाडी मोठी गोष्ट असेल, तर दोन्ही बाजूंनी छपाई ही लवकर दिसणारी. लक्ष्य लिहिताना आकडा, मुदत आणि जबाबदार व्यक्ती हे तिन्ही त्यात हवं. 'अन्नाची नासाडी कमी करू' यातून काम सुरू होत नाही. 'सत्राअखेरपर्यंत ताटातली नासाडी माणशी ९० ग्रॅमवरून ६० वर, जबाबदारी खानावळ समितीच्या प्रमुखांची' असं लिहिलं तर दर आठवड्याला विचारता येतं.

पायरी ४: मुळातली व्यवस्था बदला

काही न ठरवता जो पर्याय आपोआप मिळतो, तोच बहुतेक लोक वापरतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने संगणक प्रयोगशाळांतल्या प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी छपाई हा मूळ पर्याय केला. एका बाजूने छापण्यावर बंदी नव्हती, फक्त त्यासाठी सेटिंग बदलावं लागे. पुढच्या काही वर्षांत तिथला कागदाचा वापर ४४ टक्क्यांनी घटला. कोणाला रागावलं नाही, कोणाला शपथ दिली नाही.

जेवणातही हेच दिसतं. केंब्रिज विद्यापीठातल्या कॉलेजांच्या उपाहारगृहांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चारपैकी एका शाकाहारी पदार्थाऐवजी चारपैकी दोन ठेवल्यावर शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. मांसाहार कोणाकडून काढून घेतला नव्हता, निवडीला जागा करून दिली होती.

असे बदल प्रत्येक संस्थेत शोधता येतात. आधी लहान आकाराचं वाढप आणि मागेल त्याला पुन्हा मोकळेपणाने वाढणं. स्वतः घ्यायचं जेवण असेल तर ट्रे काढून टाकणं, कारण हातात मावेल तेवढंच घेतलं जातं. संगणक ठराविक वेळेनंतर आपोआप झोपेत जाणं. असाइनमेंट डिजिटल स्वरूपात स्वीकारणं, आणि छापील हवीच असेल तर मुखपृष्ठ व प्लास्टिकचं बाइंडिंग न मागणं. शेवटच्या मुद्द्यावर शिक्षकांनी स्वतःकडे पाहायला हवं. विद्यार्थी एकेका प्रकल्पासाठी चकचकीत फाइल आणि रंगीत छपाई करतात ती आपण तशी अपेक्षा ठेवतो म्हणून. 'मजकुराला गुण आहेत, सजावटीला नाहीत' ही एक ओळ सूचनेत घातली की पुरतं.

पायरी ५: खरेदीचे नियम पुन्हा लिहा

सगळ्यात टिकाऊ बदल इथे होतो, आणि सगळ्यात कमी लोक इथे लक्ष देतात. कोणतंही मागणीपत्र मंजूर होण्याआधी त्यावर प्रश्न छापलेले असू द्या: ही वस्तू संस्थेत दुसऱ्या विभागाकडे आहे का? दुरुस्त होईल का? उसनी किंवा भाड्याने मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी विभागांतल्या वस्तूंची एक सामायिक यादी लागते. ती बनवायला वेळ जातो, पण प्रोजेक्टर, मोजमापाची उपकरणं, ध्वनिक्षेपक अशा वस्तू एका विभागात धूळ खात असताना दुसऱ्याने नव्या घेणं त्यामुळे थांबतं.

विकत घ्यायचंच ठरलं, तर फक्त खरेदीची किंमत तोलू नका. खरेदी, आयुष्यभराची वीज, लागणारे सुटे भाग किंवा शाई, दुरुस्ती आणि शेवटची विल्हेवाट हे सगळं मिळवून वापराच्या वर्षांनी भागा. स्वस्त प्रिंटर महागड्या काडतुसांमुळे याच हिशोबात उघडा पडतो. निविदेत सुट्या भागांच्या उपलब्धतेची वर्षं, वॉरंटी, जुनी वस्तू परत घेण्याची अट आणि वेष्टन परत नेण्याची अट लिहा. अशा खरेदीसाठी आयएसओ २०४०० हे २०१७ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आहे. मोठ्या विद्यापीठाने ते जरूर पाहावं, लहान शाळेला वरच्या चार अटी पुरतात.

संगणकांबाबत थोडं सविस्तर सांगायला हवं. लॅपटॉपच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच झालेला असतो, म्हणून तो जास्त वर्षं वापरणं हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मेमरी वाढवणं, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान भाग) बसवणं, बॅटरी बदलणं आणि हलकी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकणं यांनी बरेच 'जुने' संगणक अभ्यासाच्या कामाला पुन्हा लागतात. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा व पुनर्चक्रित झाला. संस्थेचा ई-कचरा अधिकृत पुनर्चक्रणाकडेच द्या, आणि त्याआधी डिस्कवरची विद्यार्थ्यांची माहिती कायमची पुसली गेली आहे याची लेखी खात्री करून घ्या.

पायरी ६: वस्तू फिरत्या ठेवा

शिक्षणसंस्थेत दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते आणि तशाच गरजा असलेली दुसरी आत येते. वस्तू हातोहात फिरवायला याहून चांगली जागा नाही. पाठ्यपुस्तकं, गणवेश, प्रयोगशाळेतले कोट, कॅल्क्युलेटर, आरेखनाची साधनं यांची वस्तुपेढी उभी करा. बाहेर पडणाऱ्यांनी द्यायचं, नव्यांनी सही करून घ्यायचं.

वसतिगृह असेल तर सत्राचा शेवटचा आठवडा निर्णायक असतो. खोल्या रिकाम्या करायच्या घाईत दिवे, बादल्या, हँगर, पुस्तकं, पंखे कचऱ्यात जातात. सत्र संपण्याच्या दोन आठवडे आधीच प्रत्येक मजल्यावर संकलनाची जागा जाहीर करा. कुलूपबंद, कोरडी साठवणीची खोली आधी मिळवा, नाहीतर जमा केलेलं सगळं सुट्टीत भिजून कचराच होतं. विजेची उपकरणं जाणकाराकडून तपासल्याशिवाय पुढे देऊ नका. वापरलेल्या गाद्या-उशा घेऊ नका. नवे विद्यार्थी येतील त्या दिवशी, त्यांनी बाजारात जाण्याआधी, वाटप सुरू करा.

जुनी वस्तू घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये, याची काळजी मनापासून घ्या. 'गरजूंसाठी' असा फलक लावला की पेढी संपली. ती सगळ्यांसाठी असू द्या, आणि शिक्षकांनीही तिथून वस्तू घ्याव्यात.

महिन्यातून एकदा दुरुस्तीचा तास ठेवा. बटण लावणं, सायकलचं पंक्चर काढणं, हेडफोनची तुटलेली तार जोडणं हे शिकलेलं मूल वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतं.

पायरी ७: वर्गातल्या विषयांत आणा

वेगळा तास मागू नका, आहे त्या विषयांत हे बसतं. खानावळीतल्या वजनांची सरासरी आणि आलेख गणितात, रात्रीच्या विजेचा भार भौतिकशास्त्रात, खताच्या ढिगाचं तापमान जीवशास्त्रात. भाषेच्या तासाला जाहिरात वाचायला शिकवा: ही वस्तू विकतेय की भीती, प्रतिष्ठा, एकटेपणा? कोणती गरज आधी नव्हती आणि जाहिरातीने तयार केली? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 'पर्यावरणपूरक' दावे तपासायला लावा: दावा वस्तूच्या कुठल्या टप्प्याबद्दल आहे, पुरावा कोणाचा, तुलना कशाशी केली? विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पीएलए प्लास्टिकच्या पेल्याचं उदाहरण चांगलं आहे. त्याला नीट विघटित व्हायला सुमारे ६० अंश सेल्सिअसची औद्योगिक खतव्यवस्था लागते, ती नसेल तर तो साध्या कचऱ्यात तसाच पडून राहतो.

लहान मुलांना पृथ्वी संपत चालल्याची भीती घालू नका. त्यांच्या हाताने होण्यासारखं काम द्या आणि त्याचा परिणाम त्यांना दाखवा.

दोन ठिकाणी सांभाळा

पहिलं, बंदी. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठाने २०१३ मध्ये आवारात बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली. पण इतर बाटलीबंद पेयं विक्रीला होतीच. नंतरच्या अभ्यासात दिसलं की आवारात येणाऱ्या बाटल्यांची दरडोई संख्या घटण्याऐवजी वाढली आणि लोक जास्त साखरेची पेयं घेऊ लागले. बंदी घालण्याआधी लोक त्याऐवजी काय घेतील, याचा विचार करा. पिण्याचं पाणी स्वच्छ, थंड आणि वर्गाजवळ आहे का, त्याच्या तपासणीचा अहवाल नळाशेजारी लावला आहे का, हे आधी पाहा.

दुसरं, 'हिरव्या' भेटवस्तू. पर्यावरण सप्ताहात सगळ्यांना कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली वाटणं मला अजिबात पटत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, साध्या सुती पिशवीला प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरायला केवळ हवामानाचा निकष धरला तर सुमारे ५० वेळा, आणि सगळे पर्यावरणीय निकष धरले तर हजारो वेळा वापरावं लागतं. ज्याच्याकडे पिशवी आहे त्याला दुसरी देऊ नका. परिषदा आणि संमेलनांनाही हेच लागू होतं: फलकावर तारीख आणि वर्ष छापलं नाही तर तो पुढच्या वर्षी चालतो.

पायरी ८: आकडे सगळ्यांसमोर ठेवा

अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये २००५ मध्ये वसतिगृहांची वीज-पाणी बचतीची स्पर्धा झाली. आपल्या इमारतीची वीज आणि पाणी किती खर्च होतंय हे विद्यार्थ्यांना पाहता येत होतं. विजेचा वापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला, पाण्याचा मात्र जेमतेम ३ टक्क्यांनी. सगळ्या सवयी सारख्या वेगाने बदलत नाहीत, हे लक्षात ठेवून लक्ष्यं वेगवेगळी ठेवा.

आकडे दरडोई मांडा, आणि मागच्या महिन्याशी तुलना करण्याऐवजी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. सुट्ट्या आणि हवामान यांमुळे नाहीतर फसगत होते. वर्गावर्गांत चुरस लावा, पण एकट्या विद्यार्थ्याचं ताट दाखवून त्याला कधीही लाजवू नका. बचत झालेले पैसे कुठे गेले हेही जाहीर करा. त्यातला ठरलेला हिस्सा पुढच्या सुधारणेसाठी बाजूला काढणारा फिरता निधी लेखापालांच्या संमतीने उभा राहिला, तर दरवर्षी नव्याने पैसे मागावे लागत नाहीत.

पायरी ९: पुढच्या तुकडीकडे सोपवा

विद्यार्थी बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात आणि चांगली कामं दोन वर्षांत विरतात. म्हणून एक फाइल ठेवा: मोजणीचे तक्ते आणि पद्धत, मीटरच्या जागांची यादी, कंत्राटांच्या मुदती, वस्तुपेढीची नोंदवही, न चाललेले प्रयत्न आणि ते का चालले नाहीत. समितीत दरवर्षी निम्मे विद्यार्थी जुने आणि निम्मे नवे असू द्या. खानावळीचं कंत्राट, संगणकांची खरेदी आणि कागदाची वार्षिक मागणी यांच्या तारखा दिनदर्शिकेवर ठळक करा आणि त्या प्रत्येक तारखेच्या तीन महिने आधी समितीची बैठक लावा, कारण निविदा निघाल्यावर अटी घालता येत नाहीत.